घर झाडणाऱ्या यंत्राचा हिशेब

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी नवी केरसुणी पाटावर ठेवून तिला हळदकुंकू वाहण्याची प्रथा महाराष्ट्रात घरोघरी आहे. जी वस्तू घरातील अलक्ष्मी बाहेर काढते तीच लक्ष्मी, असा त्यामागचा साधा आणि सुंदर भाव. गेल्या दिवाळीत माळशिरस तालुक्यातील श्रीपूर येथे एका परिचित कुटुंबात या पूजेला उपस्थित राहण्याचा योग आला. त्या पाटावर केरसुणीच्या शेजारी एक काळी, गोल, ताटाएवढी वस्तू ठेवलेली होती. पुण्यास नोकरी करणाऱ्या मुलाने आईची गुडघेदुखी लक्षात घेऊन घर आपोआप झाडणारे यंत्र आणले होते. घरातील आजींनी त्याही यंत्राला हळदकुंकू लावले, अक्षता टाकल्या आणि सहजपणे विचारले, "मग आता मावशींना उद्यापासून येऊ नका म्हणायचं का?" अनेक वर्षे त्या घरी केर-फरशी करणाऱ्या मावशी त्या वेळी स्वयंपाकघराच्या दाराशीच उभ्या होत्या. क्षणभर कोणीही काही बोलले नाही.

आजींच्या प्रश्नाचे उत्तर यंत्रासोबत आलेल्या माहितीपुस्तिकेत नव्हते. असल्या पुस्तिकांत ते कधीच नसते. पण हा प्रश्न आता मोठ्या शहरांतील उंच इमारतींपुरता उरलेला नाही. पंधरा-वीस हजार रुपयांपासून मिळू लागलेले हे यंत्र तालुक्याच्या गावी, साखर कारखान्याच्या परिसरात, शिक्षकाच्या आणि बँक कर्मचाऱ्याच्या घरी पोहोचले आहे. तेव्हा 'यंत्र चांगले की वाईट' असा सोपा वाद घालून आपली सुटका होणार नाही. हे यंत्र उंबरठ्याच्या आत आले की तीन माणसांचा हिशेब चुकता करावा लागतो. घरातील स्त्रीचा, घरी कामाला येणाऱ्या स्त्रीचा आणि असे यंत्र आपल्याच देशात घडवू पाहणाऱ्या तंत्रज्ञाचा. हा हिशेब जे घर करील त्या घरात यंत्र शोभेल. जे करणार नाही, तेथे ती केवळ एक महागडी केरसुणी ठरेल.

यंत्राचे अंतरंग

प्रथम हे यंत्र चालते कसे, ते समजून घेतले पाहिजे. जे समजत नाही त्याविषयी एक तर अवास्तव भीती निर्माण होते किंवा अवास्तव भक्ती.

हवेच्या ओढीने धूळ गोळा करण्याची कल्पना जुनी आहे. इंग्लंडमध्ये ह्युबर्ट सेसिल बूथ यांनी १९०१ साली असे यंत्र सिद्ध केले, तेव्हा ते घोडागाडीवरून दारापर्यंत आणून त्याच्या लांब नळ्या खिडकीतून घरात सोडाव्या लागत. आपल्याकडे १९८२ साली स्थापन झालेल्या युरेका फोर्ब्जच्या विक्रेत्यांनी दारोदार जाऊन व्हॅक्यूम क्लीनर मध्यमवर्गाच्या परिचयाचा केला. परंतु तो हाती धरूनच फिरवावा लागे. स्वतःच फिरणारे यंत्र स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्सने २००१ साली बाजारात आणले आणि २००२ साली अमेरिकेतील आयरोबॉट कंपनीच्या 'रूम्बा'ने ते लोकप्रिय केले. एमआयटी या विख्यात संस्थेशी संबंधित तिघा संशोधकांनी १९९० साली स्थापन केलेली ही कंपनी त्याच काळात सैन्यासाठी स्फोटके हाताळणारे यंत्रमानवही बनवीत होती.

यंत्राची शरीररचना साधी आहे. दोन बाजूंना दोन चाके, पुढे तोल सांभाळणारे एक छोटे चाक, कडेला फिरणारा एक ब्रश आणि पोटाखाली एक लाटण्यासारखा आडवा ब्रश. कडेचा ब्रश कोपऱ्यातील धूळ मध्ये ढकलतो, आडवा ब्रश ती उचलतो, आतील पंख्याच्या ओढीने ती लहानशा डब्यात जाऊन पडते आणि हवा गाळणीतून बाहेर सोडली जाते. ऊर्जा लिथियमच्या बॅटरीतून मिळते. ती संपत आली की यंत्र स्वतःच भिंतीजवळच्या आपल्या ठाण्यावर परतते.

खरे कौतुक आहे ते वाट शोधण्याचे. आरंभीच्या यंत्रांजवळ घराचा नकाशा नव्हता. ते गोल गोल फिरे, भिंतीला आपटले की दिशा बदले, काही वेळ भिंतीच्या कडेने जाई आणि पुष्कळ वेळ फिरल्यामुळेच बहुतेक घर झाडून होई. पायरीवरून ते कोसळू नये म्हणून पोटाखालून अवरक्त किरण जमिनीवर सोडले जातात. किरण परत आले नाहीत, की पुढे खड्डा आहे असे समजून यंत्र मागे वळते. अलीकडच्या यंत्रांच्या डोक्यावर एक लहान उंचवटा असतो. त्यात फिरणारा लेसर चहूबाजूंच्या भिंती आणि वस्तूंपर्यंतची अंतरे मोजतो. चाके किती फिरली याची नोंद आणि ही मोजलेली अंतरे यांचा मेळ घालून 'भोवती काय आहे' आणि 'त्यात मी कोठे आहे' या दोन्ही प्रश्नांची उत्तरे यंत्र एकाच वेळी शोधते. काही यंत्रांत हेच काम कॅमेरा करतो. मग शेतकरी जसा तासामागून तास घालीत रान नांगरतो, तसे हे यंत्र ओळीने खोली झाडीत जाते.

आता हेच यंत्र श्रीपूरच्या घरात आणून पाहा. ते साधारण दोन सेंटिमीटर उंचीचा अडथळा पार करू शकते. जुन्या घराचा उंबरठा त्याला किल्ल्याच्या तटासारखा वाटतो. गडद काळी फरशी किरण शोषून घेते आणि यंत्र तिला खड्डा समजून अडून बसण्याचा संभव असतो. लांब केस आणि गोधडीचे सुटलेले दोरे ब्रशला गुंडाळतात, ते दर आठवड्याला कात्रीने कापून काढावे लागतात. गळीत हंगामात ऊसपट्ट्यातील गावांतून काजळीची बारीक राख आणि रस्त्यावरची धूळ घरात येते. ती गाळणीत चटकन साचते आणि गाळणी वेळोवेळी झटकली नाही तर यंत्राची ओढ मंदावते. आमच्या परिचित घरी तर पाडव्याच्या पहाटे यंत्राने देवघरापुढील रांगोळी अत्यंत निष्ठेने झाडून नेली! त्याच्या लेखी धूळ आणि रांगोळी यांत भेद नाही. तो भेद माणसालाच करावा लागतो. खुर्च्या उचलणे, वायरी गुंडाळणे, डबा रिकामा करणे ही कामेही माणसाचीच राहतात. ती घरातील कोणी करायची, येथून पहिला हिशेब सुरू होतो.

गृहिणीचा हिशेब

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०२४ साली केलेल्या वेळेच्या वापराच्या सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाकाठी सरासरी २८९ मिनिटे विनामोबदला घरकामात घालवतात. घरकामात भाग घेणाऱ्या पुरुषांच्या बाबतीत हा आकडा ८८ मिनिटांचा आहे. पावणेपाच तासांहून अधिक काळाचा हा भार ज्या माउलीच्या कंबरेवर आणि गुडघ्यांवर पडतो, तिचे वाकणे अर्धा तासाने कमी होणार असेल, तर त्याला विरोध करण्याचा अधिकार ज्यांनी घरात कधी केरसुणी हाती धरली नाही त्यांना तरी निश्चितच नाही. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी आपल्या विज्ञाननिष्ठ निबंधांतून यंत्राला शाप मानणाऱ्या वृत्तीवर कठोर प्रहार केले होते. यंत्राने बेकारी येत असेल तर दोष यंत्राचा नसून विषम वाटणीचा आहे, हे त्यांचे प्रतिपादन आजही विचारात घेण्यासारखे आहे.

परंतु यंत्र आले म्हणजे गृहिणीला विसावा मिळतोच, असेही नाही. रूथ श्वार्ट्झ कोवन या अमेरिकन अभ्यासिकेने १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात एक मार्मिक गोष्ट दाखवून दिली. पाश्चात्त्य घरांत यंत्रे आली तेव्हा सरपण फोडणे, सतरंज्या झटकणे यांसारखी पुरुषांच्या आणि मुलांच्या वाट्याची कामे संपली. पण स्वच्छतेच्या अपेक्षा वाढल्या आणि त्या पुऱ्या करण्याचे काम एकट्या गृहिणीवर येऊन पडले. आपल्याकडेही हेच घडणे शक्य आहे. यंत्र मुलाने घ्यायचे, त्याचे कौतुक पाहुण्यांपुढे वडिलांनी करायचे आणि त्याच्या ब्रशमधील केस मात्र आईने काढायचे!

येथे आपण स्वयंसेवकांनी स्वतःलाच एक प्रश्न विचारला पाहिजे. संघाच्या शिबिरात आणि वर्गात आपण आनंदाने मैदान झाडतो, आपली ताटे घासतो, पाणी भरतो. तेथे कोणते काम हलके आणि कोणते प्रतिष्ठेचे, असा भेद आपल्या मनात येत नाही. मग शिबिरातून घरी परतल्यावर तोच हात केरसुणीपर्यंत का पोहोचत नाही? जनाबाईंच्या घरी साक्षात पंढरीनाथ दळणकांडणाला आणि झाडलोटीला येत असे, ही श्रद्धा ज्या पंढरपूरच्या परिसरात शतकानुशतके जपली गेली, तेथील घरांत पुरुषाने केर काढणे कमीपणाचे वाटावे, हा विरोधाभास नव्हे काय? शताब्दीच्या निमित्ताने संघाने मांडलेल्या पंच परिवर्तनात कुटुंब प्रबोधनाचा समावेश आहे. कुटुंब प्रबोधन म्हणजे केवळ आठवड्यातून एकदा एकत्र बसून भोजन करणे नव्हे. भोजनानंतरची जागा कोण स्वच्छ करतो, हाही त्याचाच भाग आहे. यंत्राने वाचवलेला अर्धा तास घरातील स्त्रीच्या वाचनाला, विश्रांतीला, तिच्या शाखेला किंवा भजनी मंडळाला मिळाला, तरच पहिला हिशेब चुकता झाला असे म्हणता येईल.

मावशींचा हिशेब

दुसरा हिशेब अधिक अवघड आहे. ज्या घरी मावशी केर-फरशीला येतात, त्या घरी यंत्र आले की सर्वप्रथम विचार होतो तो त्यांचा पगार वाचवण्याचा. व्यवहाराच्या दृष्टीने हा विचार सरळ आहे. पण आपले घर हे केवळ व्यवहाराचे ठिकाण असते, तर आपण मावशींना 'मावशी' का म्हटले असते? नाते जोडायचे शब्दापुरते आणि तोडायचे यंत्र आले म्हणून, हे आपल्या संस्कारात बसत नाही.

या स्त्रियांची बाजू कायद्याच्या दृष्टीनेही दुर्बळ आहे. महाराष्ट्राने २००८ साली घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला. परंतु देशभरासाठी स्वतंत्र कायदा झालेला नव्हता, म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाला जानेवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारला त्याचा विचार करण्यास सांगावे लागले. त्यांना ना निवृत्तिवेतन, ना आजारपणाची हक्काची रजा. १९५५ साली भारतीय मजदूर संघाची स्थापना करणारे दत्तोपंत ठेंगडी आयुष्यभर श्रमिकाच्या प्रतिष्ठेसाठी झटले. त्यांचे नाव आपण आदराने घेतो, तेव्हा आपल्याच स्वयंपाकघराच्या दाराशी उभा असलेला श्रमिक आपल्याला दिसला पाहिजे.

मग यंत्र आणूच नये काय? तसे नव्हे. मावशींचे गुडघेही आजींच्या गुडघ्यांसारखेच दुखतात, हे ध्यानात घेतले की वाट सापडते. वाकून केर काढण्याचे काम यंत्राकडे द्यावे, पगार तोच ठेवावा आणि मावशींच्या कौशल्याला व वयाला साजेसे काम त्यांच्या संमतीने ठरवावे. आजींना सोबत, निवडणे-टिपणे, स्वयंपाकातील मदत अशी कामे यंत्र करू शकत नाही. ज्या घराला यंत्रासाठी वीस हजार रुपये एकरकमी काढता येतात, त्या घराला मावशींचा महिन्याचा पगार जड जातो, हे म्हणणे पटण्यासारखे नाही. आणि नवी केरसुणी घेतानाही थोडा विचार करावा. शिंदीच्या पानांची केरसुणी बांधून पिढ्यान् पिढ्या उदरनिर्वाह करणारे मातंग बांधव आपल्याच समाजाचे अंग आहेत. लक्ष्मी म्हणून केरसुणी पूजायची आणि तिला घडवणारे हात मात्र विसरायचे, ही समरसता नव्हे.

यंत्राने कोणते श्रम आधी हलके करावेत, याचाही एक क्रम असला पाहिजे. केरळमधील तरुण अभियंत्यांच्या जेनरोबोटिक्स या कंपनीने 'बँडिकूट' नावाचा यंत्रमानव २०१८ साली तिरुवनंतपुरम येथे कामाला लावला. तो दिवाणखाना झाडत नाही. गटाराच्या भुयारात उतरून गाळ काढतो. माणसाने गटारात उतरण्याला प्रतिबंध करणारा कायदा २०१३ साली होऊनही तेथे गुदमरून आपले बांधव मृत्युमुखी पडत राहिले आहेत. झाडू हाती घेऊन गावेच्या गावे स्वच्छ करणारे गाडगेबाबा आज असते, तर त्यांनी घर झाडणाऱ्या यंत्रापेक्षा या यंत्राकडे अधिक आपुलकीने पाहिले असते, असे वाटल्यावाचून राहत नाही.

नकाशा कोणाच्या हाती?

तिसरा हिशेब राष्ट्राचा आहे. हे यंत्र आपल्या घराचा नकाशा तयार करते, हे वर सांगितलेच. पलंग कोठे, देवघर कोठे, घर किती मोठे, माणसे कोणत्या वेळी घरी असतात, ही सर्व माहिती मोबाइलमधील ॲपच्या मार्गाने कंपनीच्या संगणकावर जाऊ शकते. ही काल्पनिक भीती नव्हे. चाचणीसाठी दिलेल्या काही रूम्बा यंत्रांनी घरात टिपलेली अत्यंत खासगी छायाचित्रे बाहेर फुटल्याचे डिसेंबर २०२२ मध्ये एमआयटीच्याच 'टेक्नॉलॉजी रिव्ह्यू' या नियतकालिकाने उघड केले. ती यंत्रे बाजारात विकलेली नव्हती, हे खरे. पण कॅमेरा काय पाहू शकतो, हे त्यातून कळले. २०२४ साली चीनच्या इकोव्हॅक्स कंपनीची काही यंत्रे अमेरिकेत त्रयस्थांनी ताब्यात घेतली आणि ती घरातील माणसांना शिवीगाळ करू लागली.

आज या बाजारात रोबोरॉक, इकोव्हॅक्स, ड्रीमी, शाओमी या चिनी कंपन्यांचे वर्चस्व आहे. चीनच्या २०१७ च्या गुप्तवार्ता कायद्याने तेथील प्रत्येक संस्थेवर सरकारी गुप्तचर कार्यात सहकार्य करण्याचे बंधन घातलेले आहे. गलवानच्या बलिदानानंतर २९ जून २०२० रोजी आपल्या सरकारने ५९ चिनी ॲपवर बंदी घातली, तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या. त्याच देशाचे यंत्र आपल्या शयनगृहात फिरवताना आपण तेवढाच विचार करणार आहोत का?

रूम्बाची पुढची कथा तर अधिक बोधप्रद आहे. ज्या आयरोबॉटने हे यंत्र जगाला दिले, तिने उत्पादन बाहेरच्या कारखान्यांवर सोपवले. स्वस्त चिनी यंत्रांपुढे ती मागे पडली. ॲमेझॉनने ती विकत घेण्याचा करार जानेवारी २०२४ मध्ये मोडला. डिसेंबर २०२५ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि तिची मालकी तिच्यासाठी यंत्रे बनवणाऱ्या पायसिया या चिनी उत्पादकाकडेच जाण्याचे ठरले. ज्याने हात दुसऱ्याला दिले, त्याचे घरही शेवटी त्या हातांकडेच गेले! स्वदेशीचा याहून स्पष्ट धडा कोणता असू शकतो?

या धड्याचे उत्तर शोधण्यासाठी श्रीपूरकरांना दूर जाण्याची आवश्यकता नाही. एके काळी आपल्या देशात जावा बेटावरून साखर येत असे. त्यावर उपाय म्हणून आपण गोड खाणे सोडले नाही. १९३२ साली साखर उद्योगाला संरक्षण देणारा कायदा झाला आणि देशात कारखाने उभे राहू लागले. सासवडच्या माळी शेतकऱ्यांनी शेजारच्या माळीनगरला कारखाना उभारला. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ साली बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट स्थापन केली आणि तिच्या कारखान्याभोवती श्रीपूर नावारूपाला आले. परकी राजवटीत, तुटपुंज्या भांडवलावर आपल्या माणसांनी यंत्रे आणली, समजून घेतली, चालवली आणि या दुष्काळी मुलखाचे रूप पालटले. पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी एप्रिल १९६५ मध्ये मुंबईत एकात्म मानवदर्शन मांडताना यंत्र आपल्या देशाच्या परिस्थितीला अनुरूप असावे, असा आग्रह धरला होता. आपल्या उंबरठ्याला, आपल्या फरशीला, आपल्या धुळीला आणि आपल्या खिशाला अनुरूप असे यंत्र परदेशातील कारखानदार कशाला बनवील? ते आपल्याच अभियंत्यांना बनवावे लागेल. गुरुग्रामच्या मिलाग्रो या भारतीय कंपनीची फरशी पुसणारी यंत्रे एप्रिल २०२० मध्ये दिल्लीच्या एम्समधील कोविड विभागात वापरून पाहिली गेली होती. अशा प्रयत्नांना ग्राहकाने पाठबळ दिले पाहिजे आणि खरेदी करताना 'यातील किती भाग भारतात बनला?' असे दुकानदाराला निःसंकोचपणे विचारले पाहिजे.

ज्यांच्या घरी यंत्र आलेच आहे, त्यांनीही काही पथ्ये पाळावीत. शक्यतो कॅमेऱ्याऐवजी लेसरवर चालणारे यंत्र निवडावे. बहुतेक यंत्रे वरच्या बटणावर चालतात. नकाशाची आवश्यकता नसेल तर त्यांना इंटरनेट जोडूच नये. जोडलेच तर संकेतशब्द भक्कम ठेवावा आणि मायक्रोफोन व कॅमेरा बंद ठेवण्याची सोय आहे का, ते पाहावे. बॅटरी, ब्रश आणि गाळणी पुढे मिळत राहतील याची खात्री करून घ्यावी. अन्यथा दोन-तीन वर्षांत त्या यंत्राचाच केर होईल.

त्या दिवाळीला आजींच्या प्रश्नावर उत्तर देण्यास थोडा वेळ लागला, पण ते मिळाले. मावशी येतच आहेत. पगार तोच आहे. फक्त वाकून केर काढणे थांबले आहे आणि सकाळचा पहिला चहा आजी आणि मावशी एकत्र घेतात. यंत्र सुरू करण्यापूर्वी खुर्च्या उचलण्याचे काम घरच्या कर्त्या पुरुषाकडे आणि डबा रिकामा करण्याचे नातवाकडे आले आहे. मुलाने पुढचे यंत्र घेताना ते भारतीय बनावटीचे आहे का, हे पाहण्याचे मान्य केले आहे. देवघरापुढची जागा मात्र यंत्राला वर्ज्य आहे. तेथे आजही केरसुणीच फिरते, आणि रविवारी ती नातवाच्या हाती असते.